फायदा केवळ चालण्याचा नाही

झाडांमध्ये फिरून जे बरे वाटते ते चालण्यामुळे, झाडांमुळे नव्हे, असे काही जण म्हणतात, पण हा मुद्दा मला अर्धाच पटतो. व्यायामाचा वाटा मोठा आहे, याबद्दल वाद नाही. परंतु अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील रुग्ण चालत नव्हते, ते पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खाटेवर पडून होते. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या 1972 ते 1981 या काळातील नोंदींमधून त्यांनी वय, लिंग, धूम्रपान अशा बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या रुग्णांच्या 23 जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंत दिसणाऱ्यांना 8.70 दिवस लागले, आणि पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामके कमी लागली.

अवघ्या 46 रुग्णांवरून ठाम नियम काढता येणार नाही, हे मान्य. तरीही मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती परिचारिकांच्या टिपणांतील नोंद: रुग्ण अस्वस्थ आहे, रडतो आहे, त्याला धीर द्यावा लागतो, अशा आशयाचे शेरे भिंतीसमोरच्या रुग्णांबाबत कितीतरी अधिक होते.