टर्कीच्या चोचीवरच्या मांसल भागाला मराठीत काय म्हणावे?

पानाआड: जहांगीरच्या दरबारातील चित्रकार मन्सूर याने सुमारे १६१२ साली काढलेल्या टर्कीच्या चित्राविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना एका शब्दापाशी अडले आहे. नराच्या चोचीच्या मुळाशी असलेला मांसल भाग एरवी आखूड असतो, पण पिसारा फुलवताना तो लांबून चोचीच्याही खाली लोंबतो. मी त्याला 'तुरा' म्हटले होते. तुरा डोक्यावर उभा असतो, असे सांगून संपादकांनी तो शब्द खोडला.

शब्दसाधक: संपादकांचे बरोबर आहे. 'शुंडिका' हा शब्द घडवावा. तो नेमका आहे आणि शास्त्रीय लेखनातही शोभेल.

रानवाट: सरळ 'सोंड' का नको? खुद्द जहांगीरने आत्मचरित्रात या भागाला हत्तीच्या सोंडेची उपमा दिली आहे, आणि डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे पालटतात हेही बारकाईने टिपले आहे. हा भाग निव्वळ शोभेचा नाही: माद्या लांब सोंडेचा नर पसंत करतात आणि आखूड सोंडेचे नर त्याच्यापुढे माघार घेतात.

शब्दसाधक: सोंड हे काम करणारे अंग आहे, हत्ती तिने पाणी ओढतो, डास रक्त शोषतो. लोंबत्या कातडीला तोच शब्द दिल्यास अर्थ सैल होतो.

मांडवीकाठ: त्याआधी पक्ष्याचे नाव तपासा. दरबारातील सरदार मुकर्रबखानाने हा पक्षी जहांगीरसाठी आणला तो गोव्याहून. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, हिंदीत 'पीरू' आहे, आणि आमच्या घरी नाताळाच्या गप्पांत आजी 'पेरू'च म्हणत असे. तुर्कस्तानाशी या पक्ष्याचा मुळात संबंध नसताना इंग्रजांचा गैरसमज आपण का जपावा?

रानवाट: मग पेरू देशाशी तरी कुठे आहे? हा पक्षी उत्तर अमेरिकेतला, आणि माणसाळवला तो मेक्सिकोत, सुमारे २००० वर्षांपूर्वी. तुर्की भाषेत त्याला 'हिंदी' म्हणतात, तर फ्रेंच नावाचा मूळ अर्थ 'हिंदुस्थानचा' असा आहे. नाव भूगोलावरून ठरवायचे झाल्यास एकही टिकणार नाही. रूढीवरून ठरवायचे तर मराठी वाचकाला 'पेरू' म्हणजे फळ.

शब्दसाधक: फळाचे नाव पोर्तुगीज 'पेरा', म्हणजे नाशपाती, या शब्दावरून आले असे मला वाटते.

मांडवीकाठ: तसे असेल तर फळ आणि पक्षी हे दोन निराळे शब्द ठरतात, आणि कोशात दोन स्वतंत्र नोंदी करायला हरकत राहत नाही. गोव्यातून दरबारात गेलेल्या पक्ष्याला त्या मजकुरात तरी गोव्यातले नाव मिळाले पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.