घरच्या रेकॉर्डिंगचं मास्टरिंग: पाच हजार सॉफ्टवेअरवर घालावेत का?

पेटीवाला:
आमच्या भजनी मंडळाचे 6 अभंग घरीच रेकॉर्ड केलेत. पेटी, तबला, टाळ आणि आवाज. दोन माइकचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी), माळ्यावरची खोली, भिंतीला गाद्या टेकवलेल्या. मिक्स बरं झालंय पण दुसऱ्या कुठल्या गाण्याच्या मागोमाग लावलं की आमचं शेजारच्या घरातनं येतंय असं वाटतं, म्हणजे मास्टरिंग, मिक्सवर फिरवायचा शेवटचा हात, राहिलंय. बजेट 5,000. माझं मत झालंय की ओझोन एलिमेंट्स हे मास्टरिंगचं सॉफ्टवेअर सेलला आलं की घेऊन टाकायचं, त्यातला असिस्टंट गाणं ऐकून ईक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारं) आणि लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारा) स्वतःच लावतो, मला अजून थ्रेशोल्ड म्हणजे काय तेच धड कळत नाही तर मी कुठे हाताने करत बसू. विरोध असेल तर बोला.

गच्चीस्टुडिओ:
विरोध आहे दादा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, 60 दिवस पूर्ण चालतं, नंतर छोटं लायसन्स 60 डॉलर, म्हणजे तुमच्या बजेटच्या थोडं वर. ईक्यू, कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा), लिमिटर सगळं आतच आहे. वर टीडीआर नोव्हा हा ईक्यू, लाउडमॅक्स हा लिमिटर आणि यूलीनचा आवाज मोजायचा लाउडनेस मीटर टाका, तिन्ही फुकट मिळतात. असिस्टंटला टाळ म्हणजे काय ते माहीत नाही हो! मी एका ऑटोमॅटिक सर्व्हिसला भजन दिलं होतं, तिने टाळाचा चकचकाट इतका वर काढला की आईने कानावर हात ठेवले.

रविवारचा_गायक:
फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांचं हे नेहमीचंच. चार ठिकाणची चार प्लगइनं (सॉफ्टवेअरला जोडायचे जादा तुकडे) गोळा करायची, मग ती कशी लावायची याचे व्हिडिओ बघण्यात दोन महिने, आणि गाणं तसंच पडून. माझं तेच झालं. शेवटी तयार पॅकेज घेतलं, त्याने काय केलंय ते उघडून बघत बघत शिकलो, समोर सोडवलेलं गणित असलं की समजतं. पेटीवाले, घ्या बिनधास्त.

गच्चीस्टुडिओ:
सोडवलेलं गणित चुकीचं असलं तर? तबल्याचा 'ना' म्हणजे एक टोकदार शिखर असतं. आवाज वाढवायचा म्हणून लिमिटर दाबला की पहिलं ते शिखर कापलं जातं आणि थाप पुठ्ठ्यावर मारल्यासारखी येते. बरं एवढा मोठा आवाज करून मिळतं काय, स्पॉटिफाय नॉर्मल सेटिंगला सगळं -14 लफ्सच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणतं, यूट्यूबही मोठं असेल ते खाली ओढतं.

रविवारचा_गायक:
म्हणून मास्टर मोजून -14 वरच करायचा असं कुठाय? यूट्यूब हळू गाण्याचा आवाज वाढवत नाही. आणि मंडळातले काका फाइल थेट फोनवर ऐकणार, तिथे कोण आवाज एका पातळीला आणतंय.

वायरमन:
दोघंही जरा थांबा. पेटीवाले, सगळे थांबलेले असतात तो भाग हेडफोन लावून ऐका. मागे घूं येतंय का? आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ती घरघर 50 आणि 100 ला बसते, आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारही तिथेच कुठेतरी. मास्टरिंगमध्ये ती काढायला गेलात की डग्गाही पातळ होणार, आणि नाही काढली तर लिमिटर तिलाही वर आणणार. 5,000 चं सॉफ्टवेअर घ्या नाहीतर फुकटचं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा.

पेटीवाला:
ऐकलं. घूं आहे 😐 आणि चौथ्या अभंगात पंखापण आहे, उकाडा होता, बंद करायला कोणी तयार नव्हतं. तो एक परत घेतो, टाळवाल्या काकांना या वेळी दारापाशी बसवतो. तोवर रीपर उतरवलंय. आषाढी 60 दिवसांच्या आत आहे, तेवढ्यात नाहीच जमलं तर ओझोन.

रविवारचा_गायक:
म्हणजे ओझोनच 😄

गच्चीस्टुडिओ:
लिमिटरचं सीलिंग (आवाजाची वरची हद्द) -1 डेसिबलला ठेवा आणि ना ची थाप दबायला लागली की तिथेच थांबा. चौथा अभंग झाला की इकडे टाका, ऐकू.