‘शेवटच्या ट्राम’चा फोटो खरोखर त्या दिवसाचा आहे का?

लालबागचा चाळकरी:
सर्वांना नमस्कार. आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करताना वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत एक अल्बम मिळाला. त्यातला एक कृष्णधवल फोटो आमच्या घरात वर्षानुवर्षे ‘शेवटच्या ट्रामचा फोटो’ म्हणून ओळखला जातो. दुमजली ट्राम उभी आहे, पायरीवर धोतर आणि काळी टोपी घातलेले दोघे गृहस्थ आहेत, मागे इराण्याचे दुकान दिसते, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून हात बाहेर काढून हसणारा मुलगा म्हणजे माझे थोरले बंधू. मुंबईतली ट्राम बंद झाली त्या दिवशी शेजारच्या काकांनी बॉक्स कॅमेऱ्याने तो काढला, असे वडील सांगत. येथे तो याच ओळीसह कायमचा ठेवावा असे मनात आहे, परंतु ती ओळ खरी आहे का, हे आधी जाणकारांकडून तपासून घ्यावे असे वाटले. शिवाय फोटो अल्बमच्या चिकट पानावर घट्ट बसला आहे. तो सोडवावा कसा?

फोर्टातला वाटसरू:
आपण लावलेली प्रत मोठी करून पाहिली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहाच्या सुमारास बोरीबंदरहून दादरकडे निघाली होती. आपल्या फोटोत माणसांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्या आहेत, म्हणजे वेळ भर दुपारची. तेव्हा ही शेवटची ट्राम नव्हे, फार तर शेवटच्या दिवसाची ट्राम असू शकेल. पण त्याबद्दलही मला शंका आहे. तो दिवस मंगळवार होता, आणि येथे इराणी सोडून शेजारच्या सगळ्या दुकानांच्या फळ्या लावलेल्या दिसतात, हे कामाच्या दिवसाचे लक्षण वाटत नाही. (हा पुरावा कच्चा आहे, हे मान्य.)

पक्का पुरावा इराण्याच्या दारावरच्या पाटीवर आहे. चहाच्या दरापुढे ‘न. पै.’ (नवे पैसे) अशी अक्षरे स्पष्ट वाचता येतात. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चलनात आली आणि पैशामागचा ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ पासून गळला. त्याआधीच ट्राम गेलेली असल्यामुळे आपला फोटो १९५७ ते १९६४ या सात वर्षांतलाच असला पाहिजे. तो आणखी जवळ आणायचा असेल, तर बंधूंचे जन्मसाल कळवावे, कारण खिडकीतल्या मुलाचे वरचे समोरचे दोन्ही दात पडलेले आहेत.

दादर पूर्वेची आजी:
दादा, त्या रात्री मी बारा वर्षांची होते आणि वडिलांचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी होते. गर्दी इतकी, की ट्राम दिसण्याआधी बराच वेळ तिची घंटा ऐकू येत होती. चालक ती पायाने वाजवीत असे आणि तो ठण्ण आवाज डांबरावरून घरंगळत आल्यासारखा येई. आमच्या आजोबांनी तर घोड्यांची ट्रामही पाहिली होती. ती १८७४ साली सुरू झाली आणि १९०७ मध्ये विजेची आली, तरी ‘घोडे असताना वेळेवर यायची’ ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत होती! आता माझी नातवंडे रोज दादर टी. टी.ला उतरतात, परंतु त्यातला एक ‘टी’ ट्रामचा आहे हे त्यांना मलाच सांगावे लागले. आपल्या फोटोतला उजेड पाहिल्याबरोबर मलाही वाटले, की ही ती रात्र नव्हे.

कागद सांभाळणारा:
फोटो ओढून काढू नये. चिकट पानांचे हे अल्बम आपल्याकडे प्रामुख्याने सत्तरच्या दशकात घरोघर आले, म्हणजे वडिलांनी तो तेथे मागाहून बसवला असावा आणि पाठीवर काही लिहिलेले असण्याची शक्यता चांगली आहे. सर्वप्रथम तो पानावर असतानाच वरचा प्लॅस्टिकचा पडदा अलगद उचलून, तिरप्या उजेडात त्याची प्रत काढून ठेवावी. मग दात साफ करण्याचा पातळ दोरा कोपऱ्यातून आत सरकवून करवतीसारखा हलक्या हाताने मागेपुढे न्यावा, आणि कोठेही अडला तर थांबावे. हेअर ड्रायरची ऊब काही जण सुचवतात, मी स्वतः ती वापरत नाही. स्कॅन सहाशे डीपीआयवर (दर इंचाला सहाशे ठिपके), दोन्ही बाजूंचे करावे. पाठीवर नोंद करायची असल्यास मऊ शिसपेन्सिल घ्यावी, बॉलपेनची शाई पुढे उमटते. आणि हे सगळे पावसाळ्यापूर्वी उरकावे, कारण मुंबईच्या दमट हवेत फोटोवर बुरशी धरायला फार वेळ लागत नाही.

लालबागचा चाळकरी:
सर्वांचे मनापासून आभार. बंधूंचा जन्म १९५४ चा आहे. १९६४ मध्ये ते दहा वर्षांचे होते आणि दात तोवर आलेले होते. त्यामुळे फोटो १९६०-६१ च्या आसपासचा ठरतो. दोऱ्याने तो अर्ध्या तासात सुटला, पण पाठ कोरीच निघाली. मग आत्याला फोन केला. तिच्या सांगण्याप्रमाणे त्या रात्री घरातले सगळे लालबागच्या भारतमाता सिनेमापाशी उभे होते, परंतु शेजारचे काका गावी गेले होते आणि कॅमेरा त्यांच्याबरोबरच गेला होता. वडिलांजवळ ट्रामचा एवढा एकच फोटो होता.

आता त्याखाली पुढील मजकूर लिहीत आहे, काही सुधारायचे असल्यास कळवावे: ‘दुमजली ट्राम, लालबाग, अंदाजे १९६०-६१. वडील याला शेवटची ट्राम म्हणत.’ एक प्रत आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयातही नेऊन दाखवणार आहे.