गॅस, फ्रीज आणि मायक्रोवेव्ह नसलेल्या खोलीत नागपूरच्या उन्हाळ्यात नीट कसे जेवावे?

बजाजनगरची भाडेकरू (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची चिपळूणची. नोकरीच्या निमित्ताने फेब्रुवारीत नागपुरात आले आणि बजाजनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. घरमालक वयस्कर आणि मायाळू आहेत. परंतु खोलीत गॅस, शेगडी, इंडक्शन यांपैकी काहीही चालणार नाही, ही अट त्यांनी किल्ली देतानाच घातली. विजेच्या किटलीला तेवढी परवानगी आहे. वर्षभरात बदली होण्याची शक्यता असल्यामुळे फ्रीज किंवा मायक्रोवेव्ह घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

दुपारचा डबा कार्यालयात येतो आणि तो चांगला असतो. प्रश्न सकाळचा आणि रात्रीचा आहे. आतापर्यंत चिवडा, ब्रेड, केळी आणि बिस्किटे यांवर भागवले. त्याने पोट भरते, पण तासाभरात पुन्हा भूक लागते आणि संध्याकाळपर्यंत अंगात त्राण राहत नाही. मी अंडी खाते, मांस-मासे खात नाही. चैत्र लागल्यापासून सकाळी आणलेले पिशवीतले दूध दुपारपर्यंत नासू लागले आहे. अशा परिस्थितीत पुरेशी प्रथिने कशातून मिळवावीत, किटलीवर नेमके काय करता येईल आणि या उन्हात कोणते पदार्थ टिकतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गोकुळपेठकर

नमस्कार ताई. आधी प्रथिनांचा हिशेब करू, म्हणजे घाबरण्याचे कारण नाही हे लक्षात येईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. तुमचे वजन ५५ किलो धरले, तर ही गरज साधारण ४६ ग्रॅम होते. डब्यातल्या वरण-भाजी-पोळीतून पंधरा-सोळा ग्रॅम मिळत असतील, असे गृहीत धरू. उरलेली तीसएक ग्रॅम चूल न पेटवता सहज जमतात. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत सुमारे दहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, वाटीभर दह्यात पाच-सहा आणि एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. बिस्किटांत आणि ब्रेडमध्ये नेमकी हीच बाजू लंगडी पडते, म्हणून तासाभरात भूक लागते.

सोयाबीनच्या वड्यांकडे लोक उगाच नाक मुरडतात. पाकिटातल्या कोरड्या वड्यांत निम्म्याहून थोडी जास्तच प्रथिने असतात, आणि तुमच्यासारख्यांसाठी त्यांचा मोठा गुण असा की त्यांना शिजवावे लागत नाही. पाव वाटी वड्या झाकणाच्या डब्यात घालाव्यात, त्यांवर किटलीतले उकळते पाणी ओतून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे, मग पाणी फेकून वड्या दोन-तीनदा गार पाण्यात चोळून घट्ट पिळाव्यात. हे पिळणे टाळले की त्यांचा तो उग्र वास राहतो आणि माणूस पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. पिळलेल्या वड्या बोटांनी मोडून त्यांत दही, बारीक चिरलेला कांदा, शेंगदाण्याचे कूट, मीठ, तिखट आणि भरपूर सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर) घातला की भाकरीबरोबर रात्रीचे जेवण होते.

चिवडा सोडू नका, फक्त आमच्या पद्धतीचा कच्चा चिवडा करा. मुरमुऱ्यांना कच्चे शेंगदाणा तेल, तिखट आणि मीठ चोळून घ्यावे, वर कांदा, फुटाणे आणि शेंगदाणे घालावेत आणि खाण्याच्या क्षणी लिंबू पिळावे. लिंबू केवळ चवीपुरते नाही. कडधान्यांतले लोह शरीरात शोषले जायला त्यातल्या क जीवनसत्त्वाची मदत होते. हेच काम संत्रेही करते. मृग बहाराची संत्री सध्या बाजारात आहेत, ती फ्रीजशिवाय काही दिवस सहज राहतात. जेवणाला लागून चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकला, कारण चहा लोहाच्या आड येतो. इतवारीत गेलात तर जवसाची चटणी आणि मेतकूट घेऊन ठेवा. कोरडा चमचा वापरला तर दोन्ही बरेच दिवस टिकतात.

तारजोडणी

किटलीविषयी लिहितो, कारण त्याबाबत सर्वसाधारणपणे बेफिकिरी दिसते. बाजारातल्या बहुतेक किटल्या १५०० वॅटच्या असतात. २३० व्होल्टवर ती किटली साडेसहा अँपिअर ओढते, आणि खोलीतला पंख्याशेजारचा साधा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. त्यात ती रोज लावली तर पिन तापते आणि प्लॅस्टिक पिवळे पडते. घरमालकांना ज्याची भीती आहे, तेच मग ओढवते. म्हणून एक तर सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट वापरावा, नाही तर ६०० ते ८०० वॅटची लहान किटली घ्यावी. ८०० वॅटच्या किटलीत अर्धा लिटर पाणी चार-पाच मिनिटांत उकळते. एकट्या माणसाला एवढे पुरते.

किटलीत दूध, डाळ किंवा शेवया उकळू नयेत. फेस वर येतो, तळाला करपते आणि ते कधीच नीट निघत नाही. किटलीने केवळ पाणी उकळावे आणि शिजण्याचे काम रुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मासवर सोपवावे. थर्मासमध्ये आधी उकळते पाणी भरून पाच मिनिटांनी ओतून द्यावे, म्हणजे तो आतून तापतो. मग मोड आलेले मूग किंवा दोन तास भिजवलेली मसुरीची डाळ त्यात घालून ताजे उकळते पाणी भरावे आणि झाकण घट्ट लावावे. मूग अर्ध्या-पाऊण तासात खाण्याजोगे होतात. मसुरीला अधिक वेळ लागतो. सकाळी आवरताना लावली तर न्याहारीपर्यंत ती मऊ होते. मीठ आणि लिंबू नंतर घालावे, कारण आंबट पाण्यात डाळ लवकर मऊ पडत नाही.

राजमा मात्र या पद्धतीने चुकूनही करू नये. त्यातले विषारी द्रव्य नष्ट होण्यासाठी तो किमान दहा मिनिटे खळखळ उकळावा लागतो, आणि थर्मासमधले पाणी उकळत नसते. अर्धवट शिजलेल्या राजम्याचे चार-पाच दाणेही उलट्यांना पुरेसे होतात.

महालकर आजी

बाळ, मूग भिजवतेस तर एक सांगते. या उन्हात रात्री बांधलेले मूग सकाळी मोडासकट हाती येतात. पण तेच फडके दुपारपर्यंत विसरलीस तर मूग चिकट होतात आणि त्यांना आंबूस वास येतो. असे मूग धुऊन सुधारत नाहीत, टाकून द्यावेत. चांगले मोडही कच्चे खाऊ नकोस, त्यांवर उकळते पाणी घालून मगच खा.

दूध पिशवीचे घेऊ नकोस, कारण तापवायची सोय नाही. कागदी खोक्यातले २०० मिलीचे दूध बंद असेपर्यंत फ्रीजशिवाय टिकते. फोडले की तेव्हाच संपवायचे. दही डेअरीतून संध्याकाळी लागेल तेवढेच आणायचे आणि जेवणातच संपवायचे. अंडी आणशील तर दोन-दोनच आण.

पालेभाजी आणि काकडी यांसाठी मडक्यात मडके ठेव. पसरट मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, वर ओले फडके, आणि वाळूला दोन वेळा पाणी. पाणी उडते तशी उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले गार राहते. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी मिट्टीकूल नावाचा मातीचा बिनविजेचा फ्रीज बनवला, तो याच तत्त्वावर.

फक्त हे मडके खोलीत कूलरसमोर ठेवू नकोस, गॅलरीत सावलीत वाऱ्यावर ठेव. कूलरने खोलीतली हवा आधीच दमट झालेली असते, तिच्यात मडके पाझरते पण हवे तेवढे गार होत नाही.

बजाजनगरची भाडेकरू

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या खोलीत पंख्याखालचा सॉकेट सहा अँपिअरचाच निघाला. मोठा सॉकेट गिझरसाठी स्नानगृहात आहे, त्यामुळे लहान किटली घेईन. आणखी एक विचारते. डब्यात भात नेहमी जास्त येतो. तो घरी आणून मडक्यात ठेवला आणि रात्री दही घालून खाल्ला तर चालेल का?

तारजोडणी

नाही. मडक्यातला गारवा काकडीला पुरतो, शिजलेल्या अन्नाला पुरत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी बाहेर ४४-४५ अंश असताना मडक्याचा आतला भाग फार तर पंचविशीच्या आसपास येतो. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा संकेत आहे. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा तापवूनही जात नाही. डबेवाल्याला भात कमी आणि वरण जास्त द्यायला सांगा. बहुतेक जण आनंदाने ऐकतात.

सक्करदऱ्याचा

वरील सर्व सूचना योग्य आहेत, पण दोन्ही वेळा सगळे स्वतःच करण्याचा अट्टहास कशासाठी? तुमच्या भागात पोळी-भाजी केंद्र शोधा आणि संध्याकाळी घरी येताना दोन ताज्या भाकऱ्या किंवा पोळ्या तेवढ्या घेऊन या. भाजी घेऊ नका. या केंद्रांची भाजी बरेचदा तेलात पोहते आणि दुपारपासून मांडून ठेवलेली असते. भाकरी गरम मिळाली की वरचे दही, वड्या, चटणी, काकडी, कांदा तुमच्या हाताचे होते. उकडलेली अंडीही संध्याकाळच्या गाड्यांवर मिळतात. समोर सोलून घ्यावीत आणि वरून चिरलेला कांदा त्यांना घालू देऊ नये.

महालकर आजी

हे बरोबर आहे. आणि जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला की मडक्याचा भरवसा सोड. तेव्हा हवाच ओली असते, मडके गार होत नाही आणि ओल्या वाळूला बुरशी धरते. त्या महिन्यांत फुटाणे, मुरमुरे आणि शेंगदाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, आठवड्यापुरतेच आण, आणि शेंगदाण्याला खवट किंवा कडवट चव लागली तर तो डबा रिकामा कर.