कॅशचा हुंकार: अडचण की करामत?

खर्जवेडा
काल इथं एकानं लिहिलं की अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशचं ‘आय वॉक द लाइन’ म्हणजे तीन कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या तीन जुळण्यांचं) गाणं, कॅशला सूर सापडत नव्हता म्हणून कडव्याआधी ‘हूंऽऽ’, आणि बाकी पुण्याई रेकॉर्ड काढणाऱ्या सॅम फिलिप्सची. राहवलं नाही म्हणून लिहितो.

आधी पट्ट्या मोजा, म्हणजे सा कुठल्या सुरावर ते. गिटारवर पहिलं कडवं पांढरी तीन (E), दुसरं पांढरी सहा (A), तिसरं पांढरी दोन (D), मग परत सहा, परत तीन. पाच कडव्यांत षड्ज, म्हणजे सा, चार वेळा हलतो. त्यात कडवं उचलायचं ते सा च्या नव्हे, पंचमाच्या (प च्या) कॉर्डवर. जाताना फुकट मिळतं: जुना सा हाच नव्या पट्टीचा प, हात आहे तिथूनच सुरुवात. परतीला ती सोय नाही. पांढरी दोनवरून सहाला येताना पहिला कॉर्ड लागतो पांढरी तीनचा, म्हणजे मागच्या षड्जाचा रिषभ (रे). तानपुरा नाही, पेटी नाही. तिथं नवा सा गुणगुणून धरला नाही तर भलेभले घसरतील. शेवटी पहिलंच कडवं, अख्खं सप्तक खाली. सूर न सापडणारा माणूस हे गातो?

सरळसोट
म्हणजे सूर धरायलाच हुंकार! मी वेगळं काय लिहिलं होतं? आणि फिलिप्सचा मुद्दा सोयीनं गाळलात. कॅशला गाणं संथ हवं होतं. २ एप्रिल १९५६ ला मेम्फिसच्या सन स्टुडिओत फिलिप्सनं जलद टेक (ध्वनिमुद्रणाची एक खेप) मागून घेतला आणि तोच बाजारात आणला. कॅशनं तो फ्लोरिडात रेडिओवर ऐकला आणि फोन करून विनवलं, आणखी रेकॉर्डी पाठवू नका. झालं काय? कंट्रीच्या यादीत त्याचं पहिलं नंबर एक, पॉपच्या यादीत १७ वं. गायकाचं ऐकलं असतं तर बसला असता हुंकार देत.

उलटी_फीत
चालीचं मूळ दोघंही विसरलात. हवाई दलात असताना जर्मनीत, लँड्सबर्गला, त्याच्या टेपरेकॉर्डरवर कुणीतरी फीत उलटी चढवली. त्या विचित्र घुमेतून चाल सुचली, असं कॅशच सांगायचा. हे यंत्राच्या अंगानंही पटतं. घरगुती यंत्रात तेव्हा बहुधा फितीच्या अर्ध्या रुंदीचा ट्रॅक (आवाज नोंदलेला पट्टा) असायचा. नुसती रिळं बदलली तर दुसरा ट्रॅक वाजतो. तोच ट्रॅक उलटा वाजायला फितीला पीळही पडावा लागतो, चुंबकी लेप हेडच्या, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाच्या, उलट बाजूला जातो. मध्ये फितीचीच जाडी आली की वरचे सूर मरतात. शिवाय तारेचा टणत्कार शेवटाला जातो, स्वर फुगत येतो आणि खटकन तुटतो. गिटार उरतच नाही, ऑर्गन होतो.

सरळसोट
आणि चार वेळा पट्टी बदलणं कुठल्या पिळातून आलं?

कागदी_स्नेअर
फीत, पीळ, फिलिप्स! अहो, गाणं चालतं कशावर? ड्रम नाहीत. मार्शल ग्रँटचा उभा बास, ल्यूथर पर्किन्सची तळहातानं दाबलेली इलेक्ट्रिक गिटार, आणि कॅशच्या तारांत अडकवलेला कागद. तो खर्रखर्र आवाज म्हणजेच स्नेअर, खरखरणारा ड्रम. यावर एक ओळ नाही कुणाची.

खर्जवेडा
कागद नाही हो, डॉलरची नोट.

कागदी_स्नेअर
कॅशच्या तोंडी कागदच आहे. नोट चालते ती चिवट म्हणून, वहीचं पान आघातानं फाटतं. लांबट घडी घाला, एका तारेवरून, दुसरीखालून अशी विणा. ब्रिजला (तारा टेकतात त्या पट्टीला) चिकटवलीत तर खरखर कमी आणि टकटक जास्त. साउंडहोलकडे (गिटारच्या पोटातल्या भोकाकडे) फार सरकवलीत तर पिक, म्हणजे तार छेडायची पातळ चकती, तिच्यातच अडकतं. घडी जाड झाली की पट्टीच कळेनाशी होते, मग घाला तुमचे पांढरी तीन-सहा चुलीत.

खर्जवेडा
चुलीत काय? ज्याच्या स्वतःच्याच गिटारीतून पट्टी धड कळत नाही, त्यानं षड्ज कुठून घ्यायचा? हुंकार त्यासाठीच!

सरळसोट
घ्या. आता हुंकाराला कागद जबाबदार. बरं बाबा, सूर सापडत नव्हता हे शब्द मागे घेतो, बेसूर माणूस सप्तकभर खाली जाऊन टिकत नाही. पण टेक जलदच बरा होता, आणि तो कॅशनं मागितला नव्हता.

कागदी_स्नेअर
त्या वेगात वहीचं पान तर टिकणारच नाही.