मदत हवी आहे: एरर क्लासमधलं ऑपरेटर बूल सुरक्षितपणे कसं काढावं?

नमस्कार मंडळी. आमच्या सी++ लायब्ररीत एरर नावाचा क्लास आहे. त्यात साधं ऑपरेटर बूल (ऑब्जेक्टचं ट्रू किंवा फॉल्समध्ये रूपांतर करणारं फंक्शन) आहे, एक्सप्लिसिट नसलेलं, म्हणजे न सांगताही आपोआप रूपांतर होऊ देणारं. एरर असेल तर ट्रू. इफमध्ये लिहायला सोयीचं, पण घातक. 'फाइल सापडली नाही' आणि 'परवानगी नाही' या दोन एरर == ने ताडून पाहिल्या तर उत्तर 'समान' येतं, कारण क्लासला स्वतःचं == नाही आणि दोन्ही ट्रू होऊन बसतात. एररमध्ये ५ मिळवले तरी कंपायलर हूं की चूं करत नाही!

सी++११ पासून एक्सप्लिसिट लावता येतं आणि इफ, व्हाइल, ! हे सगळं तसंच चालतं. अडचण वेगळीच आहे. बूल परत करणाऱ्या फंक्शनमध्ये थेट 'रिटर्न एरर' लिहिलेलं, किंवा बूल पॅरामीटरला एरर दिलेली, अशा जागा ढीगभर आहेत आणि त्या एकदम फुटतील. लायब्ररी वापरणारे इतर लोकही अडकतील. आधी डेप्रिकेटेड (वापर झाला की कंपायलर वॉर्निंग देतो अशी खूण) लावावं म्हटलं, तर बिनधोक इफवरही वॉर्निंग येतात, त्यात खरी धोक्याची जागा शोधायची कशी?

तुम्ही थेट एक्सप्लिसिट केलंत, की आधी वेगळं नाव असलेलं फंक्शन देऊन एकेक मोड्यूल हलवलंत? ऑपरेटर इंट (पूर्णांकात रूपांतर करणारं फंक्शन) '= delete' म्हणून, म्हणजे वापरायला मनाई असलेलं, जाहीर करून फक्त आकडेमोडीच्या जागा आधी पकडणं प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडतं?