साखर नको, मैदा नको: नाताळसाठी पप्पांना चालतील अशा कुकीज (सोलापूर, बजेट १२००)

सोलापूरची_लेक
नमस्कार. नाताळला आमच्याकडे करंज्या, शंकरपाळ्या, नानकटाई, केक असा सगळा फराळ असतो. यंदा पप्पांची एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८.१ आली. डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि मैदाही कमी करा म्हणाले. २५ तारखेला चर्चहून माणसं घरी येतात. सगळे खात असताना पप्पांनी नुसता चहा घेऊन बसायचं, हे मला बघवणार नाही. म्हणून साखर नसलेल्या आणि कर्ब (कार्बोहायड्रेट) कमी असलेल्या कुकीज घरीच करायच्या आहेत.

घरात १९ लिटरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, त्यात पंखा नाही, मिक्सर आणि वजनकाटा आहे. सामानाचं बजेट १२०० रुपये, दोन डबे भरायला हवेत. अंडं चालतं. पीठ कुठलं घ्यावं आणि गोडीला काय घालावं, एवढं सांगा. नवा ओव्हन घ्यायचा नाही.

जुळे_सोलापूरकर
ताई, आधी ओव्हन बदला. मी मागच्या दिवाळीत ४० लिटरचा कन्व्हेक्शनवाला (आत पंखा असलेला) घेतला, साडेअकरा हजाराला पडला, पण बघा की, चारही कोपऱ्यांत एकसारखा रंग येतो. पंखा नसलेल्या ओटीजीत मागची कुकी करपते आणि पुढची कच्ची राहते. एकदाच घ्या, दहा वर्षं बघायला नको.

आक्काचं_किचन
मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ घे गं. आपल्या मंगळवेढ्याच्या मालदांडीसारखी ज्वारी जगात नाही, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तिला. गोडीला सेंद्रिय गूळ किंवा खजूर. आमच्या सासूबाईंना २० वर्षं शुगर होती, गूळच खायच्या, काही झालं नाही. वर तूप सढळ हातानं घाल. माझ्या ज्वारीच्या नानकटाया पुण्याच्या नणंदेनं डबा भरून नेल्या.

लॅबमधला_माणूस
आक्का, तुमच्या हाताच्या चवीबद्दल शंका नाही. पण या धाग्यात गूळ सांगू नका. गूळ म्हणजे बहुतांश सुक्रोजच, रंग वेगळा एवढंच. खजुरातही १०० ग्रॅमला ७० च्या वर कर्ब असतात. ज्वारी मैद्यापेक्षा चांगली, फायबर जास्त, पण कर्ब तिच्यातही सत्तरीच्या आसपासच. नाचणीचंही तेच. "पौष्टिक" आणि "लो कार्ब" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लो कार्ब पाहिजे तर धान्य सोडून बिया आणि सुक्या मेव्याकडे जावं लागतं. बदामात १०० ग्रॅमला साधारण २१-२२ ग्रॅम कर्ब, त्यातले १२ च्या आसपास फायबर. शेंगदाण्यात १६, त्यात निम्मं फायबर.

आक्काचं_किचन
मग काय भाकरी पण सोडायची का ओ? सोलापूरच्या माणसाला ज्वारी सोड म्हणणं मला पटत नाही.

लॅबमधला_माणूस
भाकरी जेवणात मोजून खाऊ दे की. विषय कुकीचा चाललाय.

पुणेरी_माहेर
बदामाचं पीठ आणि एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी घालायचा गोडवा), दुसरं काही बघूच नकोस. २०० ग्रॅम बदामाचं पीठ, ६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम दळलेलं एरिथ्रिटॉल, एक अंडं, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, मग १६० अंशावर १२ ते १४ मिनिटं. दोन गोष्टी कुणी सांगत नाही, त्या लिहून ठेव. एरिथ्रिटॉल साखरेसारखं तांबूस होत नाही, त्यामुळे रंग यायची वाट बघितलीस तर खालून करपलेलं असेल. कडा जराशा सोनेरी दिसल्या की बंद. आणि गरम असताना कुकी मऊच लागते, उचलायला गेलीस तर तुटते. ट्रेमध्येच पूर्ण गार होऊ दे, कडक आपोआप होते.

मी बदामाचं पीठ परदेशी ब्रँडचं मागवते, बारीक असतं, किमतीकडे बघत नाही.

भट्टीवाला_पोरगा
आमच्या घरी तीन पिढ्या बेकरी आहे म्हणून सांगतो. दिवाळी-नाताळात लोक सामान घेऊन नानकटाई करायला येतात तसे हल्ली बदामाचं पीठ घेऊन पण येतात. आणू नका. भट्टीचा ताव मैद्याच्या मालाला बसलेला असतो, बदामाचा माल त्यात बघता बघता काळा होतो. त्याला मंद आच पाहिजे. घरचा छोटा ओटीजी त्यासाठी बरा. जुळे सोलापूरकर दादा म्हणतात तशी मागची बाजू करपते हे खरं, पण निम्म्या वेळात ट्रे फिरवून घातला की झालं. साडेअकरा हजार कशाला?

जुळे_सोलापूरकर
ट्रे फिरवायला दार उघडलं की सगळा ताव जातो. अनुभवानं सांगतोय.

भट्टीवाला_पोरगा
पटकन फिरवायचा दादा, दार उघडं ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. दहा मिनिटं आधी तापवून घेतला असेल तर काही होत नाही.

विजापूररोड_वहिनी
ओटीजी पण नको. कुकरमध्ये मीठ पसरा, रिंग आणि शिट्टी काढा, वर स्टँडवर ताटली. मी सगळं त्यातच करते, केक पण. मीठ तेच तेच वापरता येतं.

पुणेरी_माहेर
वहिनी, तिच्याकडे ओटीजी आहे ना पण. आणि बदामाची कुकी कुकरमध्ये खालूनच भाजते, वरून ओलसर राहते.

विजापूररोड_वहिनी
माझी राहत नाही.

होटगीरोड_विवेक
ताई, तयार "शुगर फ्री" बिस्किटं मात्र आणू नका, हे कळकळीनं सांगतो. मी ऑनलाइन एका ठिकाणाहून डायबेटिक कुकीज मागवल्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात साखर नाही, मागे बारीक अक्षरात मैदा आणि मॅल्टिटॉल नावाचा गोडवा. आईची शुगर तर वाढलीच, वर रात्रभर पोटात गॅस. साखर नाही म्हणजे कर्ब नाही असं नसतं. घटकांची यादी वाचा.

लॅबमधला_माणूस
विवेकचं बरोबर आहे. मॅल्टिटॉल रक्तातली साखर वाढवतं, साखरेपेक्षा कमी, पण वाढवतं. एरिथ्रिटॉल जवळजवळ वाढवत नाही. स्टीव्हियाच्या (गोड पानांपासूनचा गोडवा) पुड्या घ्याल तर मागे माल्टोडेक्स्ट्रिन आहे का बघा, ती पिठूळ भर शुगर वाढवते. ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याच्या गोळ्या बेकिंगला घालू नका, उष्णतेनं गोडी जाते.

मधला_मारुती
गोडवे सगळेच वाईट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये नको म्हणून सांगितलंय. बातमी आली होती.

लॅबमधला_माणूस
ती शिफारस वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेचे गोडवे वापरू नका अशी होती. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही असं त्यातच लिहिलंय, आणि एरिथ्रिटॉलसारखी शुगर अल्कोहोल्स त्यात धरलेली नाहीत. एरिथ्रिटॉलबद्दल त्याच वर्षी नेचर मेडिसिन या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला. रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसलं. त्यामुळेच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण पप्पांना हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

त्याहून महत्त्वाचं विचारतो. पप्पा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतात का? घेत असतील तर कुकीज लो कार्ब आहेत म्हणून जेवण टाळून त्यावरच राहू देऊ नका. शुगर एकदम खाली जाऊ शकते. आणि खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा. कुठली कुकी चालते ते त्यांचं शरीरच सांगेल.

टॉमीची_आई
घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल हा गोडवा आणूच नका. माणसाला चालतं, कुत्र्याला थोडंसंही जिवावर बेततं. टॉमीच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय.

सोलापूरची_लेक
सगळ्यांचे आभार. लॅबवाले दादा, पप्पा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही घेतात. सांगितलंत ते बरं झालं, डॉक्टरांना फोन करते. कुत्रा नाही.

हिशोब मात्र बसत नाही. दोन डब्यांना किलोभर बदाम लागतील, इथे मी विचारलेले सगळे आठशेच्या पुढेच आहेत. त्यावर एरिथ्रिटॉल, लोणी, अंडी. १२०० च्या बाहेर जातं.

पुणेरी_माहेर
थोडं बजेट वाढव ना. बाबांसाठी तर करतेयस.

जुळे_सोलापूरकर
नव्या पेठेत फिरलात का? केकचं सामान तिकडे मिळतं. ओव्हन पण बघून या.

अशोकचौक_पद्मा
अक्का, सगळे बदाम कशाला? निम्मे बदाम, निम्मे शेंगदाणे करा. बदाम घरीच दळा. सालासकट चालतात, चव खमंग येते. पण मिक्सर सलग फिरवू नका, तेल सुटून लगदा होतो. थांबून थांबून, आणि बदाम आधी फ्रिजमध्ये गार करून. शेंगदाण्याचं पण तसंच. नुसतं सुकं खोबरं पण घालता येतं, पण डब्यातलं गोड खोबरं नको.

आक्काचं_किचन
शेंगदाण्यानं पित्त होतं.

मधला_मारुती
सोलापुरात बसून शेंगदाण्याला नावं ठेवता होय आक्का?

आक्काचं_किचन
चटणीत ठीक आहे. बिस्किटात नको.

होटगीरोड_विवेक
एरिथ्रिटॉल एकदम दोन डब्यांचं घालू नका. ते खाल्लं की जिभेवर गार गार लागतं, पेपरमिंटसारखं. आमच्याकडे वडिलांनी एक तुकडा खाऊन बाजूला ठेवलं. आधी चार कुकीज करून पप्पांना द्या.

पुणेरी_माहेर
ते दळून घातलं आणि थोडी दालचिनी टाकली की गारपणा कमी लागतो. विवेक, तुम्ही दाणेदारच घातलं असणार.

सोलापूरची_लेक
विवेकदादांचं ऐकून थोड्याच करून दिल्या. पप्पांना ती गार चव अजिबात आवडली नाही. म्हणाले, "गोडासारखं काहीतरी देण्यापेक्षा चांगलं तिखट दे."

म्हणून मी गोड सोडूनच दिलं. आपल्या शेंगाचटणीची खारी बिस्किटं केली. ३०० ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे जाडसर दळून, १०० ग्रॅम तीळ, ८० ग्रॅम लोणी, दोन अंडी, दोन चमचे इसबगोल आणि घरची शेंगाचटणी चार मोठे चमचे. वेगळं मीठ नाही, चटणीतलं पुरतं. इसबगोलमुळे गोळा छान बांधला जातो. दहा मिनिटं ठेवून दोन प्लास्टिकच्या मध्ये पातळ लाटलं आणि वाटीनं पाडलं. १५० अंशावर साधारण २० मिनिटं, मधे ट्रे फिरवला. आच मुद्दाम कमी ठेवली, कारण चटणीतला लसूण करपला की कडू होतो. छोटी छोटी चाळीस झाली. सगळं सामान पाचशेच्या आत आलं. पप्पांनी चहाबरोबर तीन खाल्ली आणि दोन तासांनी शुगर १४८. डॉक्टरही म्हणाले, जेवण वेळेवर होऊ दे, मग ही चालतील.

पुणेरी_माहेर
पण धागा कुकीजचा होता ना? नाताळला तिखट बिस्किटं?

सोलापूरची_लेक
ताई, पाहुण्यांसाठी केक आणि करंज्या आहेतच. पप्पांच्या ताटात त्यांना आवडेल ते पाहिजे. तुमची कृती बहिणीला दिलीय, तिला गोड लागतं.

लॅबमधला_माणूस
हिशोब केला. फायबर धरूनसुद्धा एकाला दोन-सव्वादोन ग्रॅम कर्ब येतात. उत्तम. फक्त उष्मांक भरपूर आहेत, तीनच्या वर जाऊ देऊ नका. बीपी असेल तर चटणीत मीठ कमी.

आक्काचं_किचन
यात थोडं ज्वारीचं पीठ घातलंस तर अजून खुसखुशीत होतील बघ.

भट्टीवाला_पोरगा
ताई, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत टिकवायची असतील तर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. दाण्या-तिळाचं तेल बाहेर लवकर खवट होतं. आणि इसबगोल चहाचे चमचे का मोठे, ते सांगा. घरी आईसाठी करून बघतो.

सोलापूरची_लेक
चहाचे, सपाट भरून.